आधी धुऊन आणा, मग बघू

सांगलीतल्या विश्रामबागहून तासगावला रोज शाळेत जायचं म्हणजे साखर कारखान्यांच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे मागे जायचं. धूळ, उडणारं पाचट, ट्रॅक्टरचा धूर हे सगळं ठरलेलं. त्यामुळे गाडीत जळक्या तेलाचा वास यायला लागला तेव्हा तो पुढच्या ट्रॅक्टरचाच वाटायचा. मग तो सिग्नलला थांबल्यावरही यायला लागला, पुढे ट्रॅक्टर नसताना, थेट एसीच्या जाळीतून. तेव्हा गाडी मेस्त्रींकडे नेली.

त्यांनी बॉनेट उघडलं, टॉर्च मारला, इंजिनावरून एक बोट ओढलं आणि ते माझ्यासमोर धरलं. काळंकुट्ट, चिकट. "मॅडम, तेल झिरपतंय हे नक्की. पण कुठनं, ते ह्या राड्यात देवाला बी दिसायचं न्हाई. आधी धुऊन आणा, मग बघू."

ते बरोबरच होतं. तेल जिथून गळतं तिथं थांबत नाही. ते उतरत खाली जातं, गाडी चालताना समोरून येणारा वारा त्याला मागे ढकलतो, वर धूळ बसते, त्यावर पुन्हा तेल. वर्षभरात सगळ्या इंजिनावर एकसारखा थर चढतो आणि नवी गळती त्या जुन्या थरात हरवून जाते. बरं, हा थर नुसता घाण दिसतो असंही नाही. कूलंटचे, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी नेणारे, जे काळे रबरी होज असतात त्यांचं रबर गरम पाण्याला वर्षानुवर्षं टिकतं, पण तेल-डिझेल लागत राहिलं की ते फुगतं आणि मऊ पडतं. शिवाय असा थर लागलेलं इंजिन आपली उष्णताही नीट सोडत नाही.

वॉशिंग सेंटरला नेलं तर काम अर्ध्या तासाचं होतं. पण तिथली ती पाणी जोरात मारायची बंदूक, म्हणजे प्रेशर वॉशर, मला नको होती. पावसात गाडी चालते तेव्हा बॉनेटखाली पाणी उडतंच, आणि त्याची सोय करूनच गाडी बनवलेली असते. वायरींच्या जोडांना रबरी सील असतात. मात्र ती सीलं शिंतोडे अडवण्यासाठी असतात. प्रेशर वॉशरची धार शंभर बारच्या आसपास असते. आपल्या घरच्या नळाचा हिशोब करून बघा: दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एक बार. म्हणजे बंगल्याच्या गच्चीवरच्या टाकीतून अंगणातल्या नळाला मिळतो तो जेमतेम अर्धा-पाऊण बार. अर्ध्या बारला जे सील टिकतं ते शंभर बारला टिकेलच, असं कुणी सांगू नये.

आमच्या शाळेतल्या एका बाईंची गाडी अशीच इंजिन धुऊन आणल्यावर घरी येईपर्यंत थडथडायला लागली होती. पाणी स्पार्क प्लगच्या खोबणीत साचलं होतं. हल्लीच्या पेट्रोल गाड्यांत प्लग इंजिनाच्या डोक्यात खोल विहिरीत बसवल्यासारखे असतात आणि प्रत्येकावर एकेक कॉइल टोपीसारखी बसते. आत गेलेलं पाणी सहजासहजी बाहेर येत नाही, ठिणगी चुकते, एक सिलिंडर काम करत नाही. मीटरमध्ये इंजिनाचा पिवळा दिवा सारखा उघडझाप करायला लागला तर गाडी पुढे रेटू नये, कारण न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या रस्त्यातल्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो महागडा भाग जायबंदी होतो.

तर घरीच करायचं ठरवलं.

आमच्या घरात याबाबत दोन मतं असणार हे मला माहीत होतं. माझे सासरे एसटीच्या मिरज आगारातून निवृत्त झालेले. अण्णांच्या हातून किती इंजिनं उतरली आणि चढली याची गणती नाही. मी बादली, ब्रश जमवायला लागल्यावर ते खुर्ची घेऊन अंगणात आले.

"पाणी कशाला पाहिजे त्याला? डिझेलचं फडकं मार, आरशागत होतंय."

"अण्णा, तुमच्या वेळच्या इंजिनाला वायरी किती होत्या?"

ते हसले. "चार. त्यातल्या दोन हॉर्नच्या."

डिझेलनं काळं निघतं, यात वाद नाही, लोखंडाच्या जुन्या इंजिनाला ते चालायचंही. पण डिझेलचा पातळ थर मागे राहतो, त्यावर धूळ पहिल्यापेक्षा जोरात बसते, रबराचं नुकसान वर सांगितलंच, आणि तापलेल्या एक्झॉस्टजवळ, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या नळीजवळ, ते ओलं राहिलं तर धूर आणि आग दोन्हींची भीती. पेट्रोल, थिनर यांचं तर नावच नको. उलट टोकाला काही जण कॉस्टिक सोड्याचं पाणी मारतात. आताची इंजिनं बहुतेक अ‍ॅल्युमिनियमची असतात आणि कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियमला खातो, धातू काळवंडतो. मी पाण्यात मिसळणारा साधा डीग्रीझर, म्हणजे तेलकट थर सोडवणारं द्रावण, आणला आणि बाटलीवर लिहिलंय तेवढाच पातळ केला. बाकी सामान घरातलंच: दात घासायचे जुने ब्रश, रंगाचा एक लांब दांड्याचा ब्रश, बनियनची फडकी, कॅरीबॅगा, रबर बँड, चिकटपट्टी, रबरी हातमोजे, आणि झाडांना पाणी मारायचा हातपंपाचा फवारा.

फवाऱ्याबद्दल एक सांगते. आमच्याकडे द्राक्षबागांमुळे दर दोन घरांआड फवारणीचा पंप असतो, आणि शेजारच्या काकांनी आपला पाठीवरचा पंप मोठ्या प्रेमानं देऊ केला होता. तो घेतला नाही. औषधाचा पंप कितीही धुतला तरी त्याच्या नळीत, नोझलमध्ये अंश राहतो, आणि इथे आपण तोंडाजवळ धरून फवारणार असतो.

पाणी नळाचं वापरा. बोअरचं पाणी आमच्या भागात जड, वाळलं की काळ्या प्लास्टिकवर पांढरे डाग सोडतं. आरओ फिल्टरमधून वाया जाणारं पाणी गाडी धुवायला चांगलं म्हणून कुणी साठवून ठेवतात. त्यात तर मूळ पाण्यातले क्षार आणखी दाट झालेले असतात. ते फरशीला ठेवा.

रविवारी सकाळी गाडी घराच्या सावलीत लावली. ऊन पडलं की डीग्रीझर वाळतो आणि वाळलेला डीग्रीझर म्हणजे नवा डाग. इंजिन रात्रभर गार होतं. अगदी गार इंजिनावर, तेही थंडीत, तेलकट थर घट्ट असतो, म्हणून दोन मिनिटं चालू करून बंद केलं. टॅपेट कव्हरवर, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणावर, तळहात निवांत टेकवून ठेवता येईल इतपतच कोमट. याहून गरम नको. तापलेल्या धातूवर गार पाणी पडलं की तो एका जागी एकदम आकसतो आणि तडा जाऊ शकतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड तर थोड्या वेळात इतका तापतो की हात लावायचा विचारही करू नये.

मग बॅटरी. १० नंबरचा पाना घेऊन आधी निगेटिव्ह टर्मिनल सोडवलं. अण्णा खुर्चीतून बघत होते, त्यांनी मान हलवली म्हणजे पास. निगेटिव्ह आधी का, तर गाडीची सगळी बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. पॉझिटिव्ह आधी सोडवताना पाना चुकून बॉडीला टेकला तर सरळ शॉर्ट, ठिणग्या आणि भाजलेला हात. निगेटिव्ह निघालं की ती भीतीच राहत नाही. जोडताना उलटं, निगेटिव्ह शेवटी. बॅटरी सोडवल्याचा दुसरा फायदा असा की रेडिएटरचा पंखा अचानक फिरायची शक्यता संपते. काही गाड्यांत किल्ली काढलेली असतानाही तो चालू होऊ शकतो आणि तेव्हा आपला हात ब्रशसकट तिथेच असतो. नुकसान एवढंच की घड्याळ पुन्हा लावावं लागतं आणि काचेचं ऑटो बटण पुन्हा शिकवावं लागतं. सीएनजीची गाडी असेल तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह आधी बंद करा. हायब्रिड गाडीत नारिंगी केबली दिसतात, त्या जास्त व्होल्टेजच्या असतात. तिथं हे घरगुती प्रकरण करूच नये.

आता उंदीर.

शेजारच्या शेतातला ऊस तुटला की उंदरांना घर शोधावं लागतं, आणि थंडीच्या रात्री गरम इंजिनासारखं घर नाही. बॅटरीच्या मागच्या कोपऱ्यात ओंजळभर पाचट, शेंगांची टरफलं आणि बॉनेटच्या आतल्या लादीचा कुरतडलेला कापूस असा व्यवस्थित संसार मांडलेला होता. मालक जागेवर नव्हता. तुमच्याकडे असं काही निघालं तर दोन गोष्टी. एक, बॉनेट उघडण्याआधी त्यावर दोन थापा माराव्यात. उंदराच्या मागावर सापही येतो, ऊसपट्ट्यात हे काही नवल नाही. दुसरं, ते घरटं कोरडं झाडू नये, फुंकू तर मुळीच नये. उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस होतो, आणि हाताला बारीकशी चीर असली तरी पुरते. मी मास्क आणि हातमोजे घालून त्यावर जंतुनाशकाचं पाणी फवारलं, थोडा वेळ भिजू दिलं आणि ओल्या फडक्यानं उचलून पिशवीत बांधलं. ब्लीच मुद्दाम वापरलं नाही, कारण तेही अ‍ॅल्युमिनियमला लागतं. मग वायरी एकेक करून बघितल्या. एका नळीवर दात उमटले होते, तांबं कुठे उघडं पडलं नव्हतं. तांबं दिसलं असतं तर मी धुण्याचा बेत तिथंच सोडून वायरमनकडे गेले असते.

झाकाझाकीला मला धुण्याहून जास्त वेळ लागला, आणि लागू द्यावा. अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा भाग, हा पहिला. तो बेल्टच्या बाजूला असतो, त्याच्या अंगाला वारा खेळायच्या खाचा असतात आणि आत तांब्याचं गुंडाळलेलं काम दिसतं. त्या खाचांतून घाणेरडं, साबणाचं पाणी गेलं की आतल्या बेअरिंगचं आणि कार्बन ब्रशचं आयुष्य घटतं. त्याला मी दुहेरी कॅरीबॅग घातली. मग फ्यूजची पेटी. तिला झाकण असतं, तरी वरून पिशवी. मग इंजिनाचा कॉम्प्युटर, म्हणजे ज्या चपट्या पेटीत मनगटाएवढा वायरींचा जुडगा शिरतो ती. मग कॉइल, चारी, एका मोठ्या प्लास्टिकखाली, कडेनं चिकटपट्टी. एअर फिल्टरच्या पेटीचं नाक, जिथून इंजिन श्वास घेतं, ते फडक्यानं बुजवून वर पिशवी. ऑइल भरायचं झाकण, डिपस्टिक, ब्रेक ऑइल आणि कूलंटची झाकणं घट्ट आहेत ना ते हातानं बघितलं. ब्रेक ऑइल पाणी ओढून घेतं, आणि पाणी शिरलेल्या ब्रेक ऑइलचा भरवसा नसतो.

अण्णांनी विचारलं, "सगळंच झाकलंस, आता धुणार काय?"

प्रश्न योग्य होता. धुवायचं उरलं ते धातू, होज, प्लास्टिकची कव्हरं, बॉडीचा आतला भाग आणि खालचा कोपरा न् कोपरा. झाकलेल्या जागा नंतर किंचित ओल्या फडक्यानं पुसायच्या.

आधी कोरडं काम. वायपरखालच्या जाळीत कडुनिंबाची पानं अडकलेली असतात. ती हातानं काढली. त्या जाळीच्या खाली दोन्ही टोकांना पाणी जायची भोकं असतात. ती बुजली की पावसाळ्यात पाणी गाडीत पायाशी येतं आणि लोक दाराच्या रबराला दोष देत बसतात. रेडिएटरच्या पुढे किडे आणि पाचटाच्या काड्या होत्या, त्या मऊ ब्रशनं वरून खाली अशाच काढल्या. त्या पातळ पात्या बोटानंही वाकतात, आडवा ब्रश फिरवू नये.

मग डीग्रीझर. खालून वर फवारला, म्हणजे वरून ओघळून कोरड्या घाणीवर रेघा पडत नाहीत. पाच मिनिटं मुरू दिला, पण वाळू दिला नाही. आणि मग घासायला सुरुवात. या कामात पाण्याचं महत्त्व फार थोडं आहे, सगळं ब्रशचं आहे. टॅपेट कव्हरच्या कडेची जी बारीक पन्हळ असते तिथून दातांच्या ब्रशनं काळा गाळ निघत होता, तव्यावरची खरवड निघावी तसा. घासायचं, फडक्यानं टिपायचं, फडकं उलटायचं, पुन्हा फवारायचं. बेल्टवर काही जाऊ दिलं नाही; बेल्टला तेल किंवा साबण लागला की तो घसरतो आणि सकाळी गाडी चालू करताना शेजारपाजार जागा होतो. इंजिनाच्या मागच्या बाजूला, केबिनच्या पडद्याला लागून, हात जेमतेम पोचतो. तिथे लांब दांड्याचा ब्रश घातला. सगळ्यांत जाड थर तिथेच होता, आणि एक्झॉस्टवरच्या पत्र्याच्या ढालीवर तपकिरी, भाजलेले डाग. वासाचं मूळ या बाजूला असणार हे तेव्हाच कळलं, कारण केबिनमध्ये बाहेरची हवा घेणारी जाळी बरोबर त्याच्या वर असते.

बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकावर पांढरी-हिरवी भुकटी जमली होती. खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून ब्रशनं लावला, फसफसला, पुसून घेतला. सगळं कोरडं झाल्यावर दोन्ही टर्मिनलांना पेट्रोलियम जेलीचा हात.

धुवायला मी एक बादलीसुद्धा पूर्ण वापरली नाही. फवाऱ्याचं नोझल रुंद करून वरून खाली भुरभुर पाणी, आणि मागोमाग फडकं. साबण राहिला वाटलं तिथं ओलं फडकं दोनदा.

खाली जे पाणी पडतं त्याचा विचार आधी करा. ते काळं, तेलाचं पाणी असतं. आमच्या गल्लीतली गटारं कुठे जातात ते सांगलीकरांना सांगायला नको. शेरीनाल्यातलं पाणी कृष्णेत मिसळण्यावरून या गावानं वर्षानुवर्षं ओरड केली आहे. मी सॉ मिलवरून आणलेला भुसा गोणपाटावर जाड पसरून गाडीखाली सरकवला होता. पाणी कमी असल्यामुळे बहुतेक तिथंच जिरलं. तो भुसा पिशवीत भरून मेस्त्रींकडे दिला, त्यांच्याकडे जुनं ऑइल आणि तेलकट कचरा वेगळा जातो. कूलंट सांडला असेल तर लगेच पुसा. चवीला गोड आणि कुत्र्या-मांजरांना जीवघेणा असतो.

हे सगळं साध्या घाणीचं झालं. पुरात बसलेल्या गाडीला यातलं काही लागू नाही. २०१९ ला कृष्णा इर्विन पुलापाशी ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून पुष्कळ वर गेली तेव्हा गावभागात, कॉलन्यांत उभ्या गाड्या छतापर्यंत बुडाल्या. काहींनी पाणी ओसरल्यावर चिखल धुतला आणि किल्ली फिरवली. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. अशी गाडी चालू न करता ओढून न्यायची असते.

सुकवण्यात घाई केली नाही. पिशव्या काढल्या, झाकलेले भाग पुसले, जोडांच्या खाचांत फडक्याचं टोक घातलं. केस वाळवायचा ड्रायर गार हवेवर ठेवून कॉइलभोवती फिरवला. बॉनेट उघडं ठेवून जेवण उरकलं. दुपारी निगेटिव्ह जोडलं, इंजिनाच्या नाकातलं फडकं काढलंय ना ते पुन्हा बघितलं, गाडी चालू केली. पंधरा मिनिटं जागेवरच. थोडी वाफ आली, ती येतेच. आवाज एकसारखा, दिवा नाही. अण्णा उठून आले, कान देऊन उभे राहिले, म्हणाले, "चारी मारतायत." आणि खुर्ची उचलून आत गेले.

चकचकीत दिसावं म्हणून प्लास्टिकवर मारायचा स्प्रे मिळतो. मी मारला नाही. मला इंजिन कोरडं हवं होतं, तेल दिसायला. शिवाय विकणाऱ्याच्या गाडीचं इंजिन आरशासारखं चमकत असेल तर मी जरा जास्तच वाकून बघते.

मेस्त्रींनी सांगितल्याप्रमाणे टॅपेट कव्हरच्या कडेनं टाल्कम पावडर भुरभुरवली आणि आठवडाभर नेहमीसारखी तासगावची ये-जा केली. शनिवारी शाळेतून आल्यावर इंजिन गार होऊ दिलं आणि टॉर्च घेऊन वाकले. पांढऱ्या पावडरीत मागच्या उजव्या कोपऱ्यातून एक ओली तपकिरी रेघ निघून सरळ एक्झॉस्टच्या ढालीकडे उतरली होती. बाकी सगळीकडे पावडर कोरडी.

मेस्त्रींनी फोटो बघूनच सांगितलं, टॅपेट कव्हरची पॅकिंग. "नुसतं बोल्ट आवळून भागंल का?" म्हणून विचारलं तर म्हणाले, रबर उष्णतेनं कडक झालंय, आवळलं तर कव्हर चेपंल, गळती तशीच. पॅकिंग काढली तेव्हा ती रबराची राहिलीच नव्हती, वाकवल्यावर कट्टकन मोडली. नवी बसवताना त्यांनी बोल्ट मधून सुरू करून आळीपाळीनं, थोडे थोडे आवळले. प्लगच्या विहिरींचे सीलही त्याच वेळी बदलले, कारण कव्हर एकदा निघालंच आहे तर मजुरी दोनदा कशाला.

आणि तिथेच, स्वच्छ झालेल्या रेडिएटरच्या वरच्या होजच्या क्लिपपाशी, त्यांना वाळलेल्या कूलंटची हिरवट-पांढरी बारीक रेघ दिसली. त्या थराखाली ती किती महिने होती कोण जाणे. "ही बी बदलून टाकू," म्हणाले आणि खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढला.